मुंबई ते लंडन : अंतर मोजायचे कशाने?

श्रोतेहो, आमची नात लंडनला असते. ती निघाली की विमानाला नऊ-दहा तास लागतात आणि मुंबईहून नाशिकला यायला, कसारा घाट तुंबला तर, पाच तास. आम्ही घरात थट्टेने म्हणतो, लंडनपेक्षा घाटच लांब! पण हे अंतर एकेकाळी काय होते, ते आपल्या त्र्यंबकेश्वरच्या माणसाच्या प्रवासावरून पाहू.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, ३० एप्रिल १८७० रोजी जन्मले. त्याआधी साडेपाच महिने, १७ नोव्हेंबर १८६९ला, सुएझ कालवा खुला झाला होता. तोवर जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात. सुमारे वीस हजार किलोमीटर. शिडाच्या जहाजाला चार-पाच महिने सहज लागत. कालव्यातून ते अंतर साडेअकरा हजारांवर आले आणि आगबोटी तीन आठवड्यांत पोचू लागल्या. १८७०मध्येच समुद्राखालची तारही मुंबईला आली. आता बघा, शहरे तीच, पण माणसाचे अंतर आठवड्यांचे आणि तारेचे तासांचे!

फाळके १ फेब्रुवारी १९१२ला लंडनला निघाले आणि १ एप्रिलला परतले. ते लीप वर्ष होते, म्हणजे बरोबर साठ दिवस. त्यातले लंडनमध्ये गेले सुमारे दोन आठवडे. बाकीचे सहा आठवडे वाटेतच! विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून उभा केलेला पैसा, आणि घरी सरस्वतीबाई व मुले.

टपाल जरा जलद जाई, तरी त्यालाही एका वाटेला दोन आठवडे लागत. तेव्हा लंडनला उतरल्या दिवशी पत्र टाकले असते, तरी ते मुंबईला पोचेपर्यंत लिहिणारा परतीच्या बोटीवर! सरस्वतीबाईंचे उत्तर त्यांना लंडनमध्ये मिळणे शक्यच नव्हते. तारेला शब्दागणिक पैसे. तिच्यावरून घरगुती सल्लामसलत कोण करणार?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. वर्गात अवकाश आणि काळ यांच्यावर पुष्कळ बोललो. पण आज वाटते, अंतर खरे मोजावे ते उत्तर यायला किती वेळ लागतो यावरून. कॅमेरा कोणता घ्यायचा, पैसा किती गुंतवायचा, हे फाळक्यांना तिथे एकट्यानेच ठरवायचे होते. ‘घरी विचारून सांगतो’ ही सोय नव्हती. म्हणून जे बोलायचे ते निघण्याआधीच बोलून घ्यावे लागे. तेवढा विश्वास असल्यावाचून असा प्रवास होत नाही. पुढे याच सरस्वतीबाईंनी अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडली, सगळ्या कामगार-नटांचा स्वयंपाक सांभाळला. ३ मे १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

त्यानंतर फाळके नाशिकला आले. १९१४मध्ये आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथेच राहून काम करा, असे बोलावणे आले. ते नाकारून परत आपल्या नाशकात आले.

आज आपल्या मुला-नातवंडांशी रोज फोनवर बोलणे होते. चांगलेच आहे. पण उत्तर लगेच मिळते म्हणून खरे बोलणे आपण उद्यावर ढकलतो. ते निघण्याआधी उरकून घ्यावे, एवढेच आजचे सांगणे.