दबलेली शीर आणि सुजलेला डावा पाय : एका निदानाचा इतिहास

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा औषधांचा व शस्त्रक्रियांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. निदानाचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः शरीररचनेतील एखादे वैशिष्ट्य ‘आजार’ केव्हा ठरते, हा प्रश्न उपचारांच्याही आधीचा आहे. ओटीपोटातील डावी इलियाक शीर धमनीखाली दबल्यामुळे पायाला येणारी सूज, म्हणजेच ‘मे-थर्नर सिंड्रोम’ या नावाने ओळखला जाणारा विकार, हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या विकाराच्या निदानाचा मागोवा त्याच दृष्टीने घेतला आहे.

शवविच्छेदनातून मिळालेला पुरावा

शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी मुख्य शीर कण्याच्या उजव्या अंगाला असते. त्यामुळे उजव्या पायाकडून येणारी शीर तिला जवळजवळ सरळ मिळते. डावीला मात्र कणा ओलांडून जावे लागते. या वाटेवर, पाचव्या कटिमणक्याच्या सुमारास, उजव्या पायाकडे जाणारी धमनी तिच्यावरून आडवी जाते. पुढे स्पंदन पावणारी धमनी आणि मागे कठीण मणका, यांच्या कात्रीत ती शीर सापडते. ही रचना अपवादात्मक नसून सर्वसामान्य आहे, आणि निदानाची खरी अडचण येथूनच सुरू होते.

पायातील रक्ताच्या गुठळ्या डाव्या बाजूस अधिक आढळतात, याकडे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो याने १८५१ मध्ये लक्ष वेधले. हे प्रमाण उजव्या बाजूच्या सुमारे पाचपट असल्याचे सांगून त्याने त्याचा संबंध धमनीच्या दाबाशी जोडला. पुढे १९०८ मध्ये मॅकमरिच या शरीररचनाशास्त्रज्ञाने शिरेच्या आतील भिंती परस्परांना चिकटलेल्या दाखवल्या, परंतु हा दोष जन्मजात असल्याचे त्याचे मत होते. एरिच व क्रुम्भार यांनी १९४३ मध्ये ४१२ शवांची तपासणी केली, तेव्हा सुमारे २४ टक्के शवांत असा अडथळा आढळला.

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील मे आणि थर्नर यांचा १९५७ चा निबंध या मालिकेतील सर्वांत प्रभावी ठरला. त्यांनी ४३० शवांपैकी सुमारे २२ टक्के शवांत शिरेच्या पोकळीत वाढलेल्या तंतुमय पडद्यासारख्या रचना नोंदवल्या आणि त्यांना ‘श्पोर्न’ (घोडेस्वाराच्या टाचेवरील काटा) हे नाव दिले. धमनीच्या ठोक्यांचा सततचा मार बसून शिरेचे आतील अस्तर जाड होत जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजेच दोष जन्मजात नसून कमावलेला होता. दाब फिर्खोने ओळखला होता. त्या दाबाने शिरेच्या आत काय घडते, हे या दोघांनी दाखवले. विकाराला त्यांचे नाव लाभले ते यथायोग्यच म्हटले पाहिजे. तथापि, त्यांचाही पुरावा शवांचाच होता.

जिवंत रुग्णाकडे

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील शल्यविशारद कॉकेट आणि क्ष-किरणतज्ज्ञ ली थॉमस यांनी १९६५ मध्ये हे निदान रुग्णाच्या खाटेपर्यंत आणले. शिरेत रंजकद्रव्य सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रांच्या आधारे त्यांनी पायाची सूज व गुठळ्या यांचा दाबाशी असलेला संबंध स्पष्ट केला. (ब्रिटनमध्ये या विकाराला कॉकेटचे नाव लाभले, हे ओघानेच आले.) उपचार मात्र अवघड होते. उरुग्वेतील पाल्मा व एस्पेरॉन यांनी १९६० मध्ये निरोगी पायाची वरवरची शीर आजारी बाजूला जोडून रक्ताला पर्यायी वाट देण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. धमनी हलवणे, शीर मोकळी करणे अशा शस्त्रक्रियाही झाल्या, परंतु त्या मोठ्या व जोखमीच्या होत्या.

१९९० च्या दशकात हे चित्र पालटले. कॅथेटरने गुठळी विरघळवणे आणि दबलेल्या जागी धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवणे शक्य झाले. शिरेच्या आतून घेतल्या जाणाऱ्या अल्ट्रासाउंडने, साध्या रंजकचित्रात न दिसणारा अरुंदपणाही दिसू लागला.

अधिक दिसू लागले, तसा जुना प्रश्न अधिक तीव्र झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पायाची कोणतीही तक्रार नसलेल्या ५० व्यक्तींचे सीटी स्कॅन पाहण्यात आले. त्यांपैकी २४ टक्के व्यक्तींची शीर निम्म्याहून अधिक दबलेली होती. १९४३ आणि १९५७ च्या शवांतील प्रमाण येथे जिवंत व निरोगी माणसांत जवळजवळ तसेच पुन्हा आढळले, हा योगायोग नव्हे. शिवाय शरीरातील पाण्याचे प्रमाण व निजण्याची स्थिती यांनुसारही हा दाब कमीअधिक दिसतो. राजू आणि नेग्लेन यांनी २००६ मध्ये याचे उत्तर सुचवले : दाब हे स्वतः कारण नसून अनुकूल भूमी आहे, दुखापत, गुठळी किंवा अन्य आघाताची भर पडली की ती शीर आजारी ठरते.

हे मत मान्य केल्यास केवळ चित्र पाहून स्टेंट बसवणे असमर्थनीय ठरते. सूज, वेदना, व्रण ही लक्षणे आणि चित्रातील दाब यांचा मेळ बसणे आवश्यक होते. शिरांसाठी खास घडवलेल्या स्टेंटना अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. तोपर्यंत प्रामुख्याने अन्य अवयवांसाठी बनवलेले स्टेंटच वापरले जात. स्टेंट बंद पडणे, क्वचित तो सरकून हृदयापर्यंत जाणे, अशा गुंतागुंती नोंदल्या गेल्या आहेत. या विकाराचे निदान बहुधा तरुण व मध्यमवयीन स्त्रियांत होते, आणि तिशीत बसवलेला स्टेंट पुढे चाळीस-पन्नास वर्षे शरीरात राहणार असतो. शिरेतील स्टेंटच्या वापराचा इतिहास अद्याप तेवढ्या वर्षांचा नाही.