बेचिराग गावे, गतकुळी शेते

जग बुडाल्यावर उरलेली माणसे काय करतात, या प्रश्नावर इंग्रजीत गेली दोनशे वर्षे कादंबऱ्या लिहिल्या जात आहेत. मेरी शेलीची ‘द लास्ट मॅन’ १८२६ सालची. जॉर्ज स्टुअर्टची ‘अर्थ अबाइड्स’ १९४९ची. २००८ साली ‘द हंगर गेम्स’ आली आणि त्यानंतर तर हा विषय सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी आपलाच करून टाकला. आमच्या घरातही अशा पुस्तकांचा ढीग आहे. मुलांनी वाचून टाकलेली ती पुस्तके मी मागून वाचली. माझे शिक्षण यंत्रशाळेतले. मोडी मी चाळिशीनंतर शिकलो, तीही सुट्टीच्या दिवशी पुण्याला खेपा घालून. त्यामुळे असेल, पण या कादंबऱ्या वाचताना माझे लक्ष नायक-नायिकांपेक्षा वेगळ्याच गोष्टीकडे जाई. नव्या जगात शेत कुणाचे, हे ठरते कसे? सारा कोण घेतो? बांधावरून भांडण झाले तर साक्ष कोणाची?

बहुतेक लेखक हे प्रश्न टाळतात. त्यांच्या उरलेल्या माणसांना कोरी पाटी मिळते. मी राहतो त्या मावळात जग एकदा खरोखर बुडाले होते आणि पुन्हा उभे राहिले होते. त्याची कागदपत्रे आहेत. त्यांत कोरी पाटी कुठे दिसत नाही.

१६३० साली पावसाने दगा दिला. दख्खन आणि गुजरात, दोन्हीकडे. पुढच्या वर्षी पाऊस आला तो पिके वाहून नेणारा. शाहजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की लोक भाकरीच्या तुकड्यासाठी जीव विकायला तयार होते, पण घेणारा नव्हता. मेलेल्यांची हाडे दळून पिठात मिसळून विकली गेली. दरबारी इतिहासकार सहसा बादशहाच्या राज्यातले असे काही लिहीत नाहीत, म्हणून या नोंदीचे वजन अधिक.

त्याच सुमारास विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांच्या जहागिरीतले पुणे जाळले. गाढवांचा नांगर फिरवला आणि जमिनीत पहार ठोकली, असे परंपरा सांगते. पुढे १६३३ साली याच मुरार जगदेवाने भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीची तुला केली. हत्ती नावेत चढवला, नाव जिथवर बुडाली तिथे खूण केली, मग तेवढे दगड भरून ते तोलले. ही युक्ती शहाजीराजांची, असे म्हणतात. नागरगावाचे तुळापूर झाले ते या तुलादानावरून. इंद्रायणी उगम पावते लोणावळ्याजवळ कुरवंड्याला आणि संपते तुळापुरात. तिच्या वरच्या अंगाला गावेच्या गावे ओस आणि खालच्या टोकाला हत्तीच्या भाराचे दान, आणि मध्ये तीन वर्षेही नाहीत. कादंबरीत हे लिहिले असते तर समीक्षकांनी अतिरेक म्हटले असते.

ओस गावासाठी जुन्या दप्तरांत एक शब्द येतो : बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात एकही दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. आज आपण बेचिराख म्हणतो आणि राखेशी त्याचे नाते जोडतो, पण महसुली कारकुनाच्या मनात राख नव्हती. जळालेले असो वा नसो, चूल-दिवा करणारे माणूस नाही, म्हणजे सारा देणारे कोणी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१६३६ च्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीत गेले आणि पुण्याची जहागीर त्यांच्याकडे राहिली. वसाहतीचे काम कोंढाण्याचा सुभेदार दादोजी कोंडदेव याच्या हातून झाले. या नावाभोवती आपल्याकडे जो वाद उभा राहिला त्यात मला शिरायचे नाही. गुरू होता की नव्हता, हा माझा विषय नव्हे. सुभेदार होता, एवढे पुरे. बखरींत या काळाची एक गोष्ट येते. रान इतके माजले होते की लांडग्यांनी उच्छाद मांडला, तेव्हा लांडगे मारणाऱ्या मावळ्यांना बक्षिसे दिली गेली. सोन्याच्या नांगराची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, ही लांडग्यांची फार कमी जणांना. मला मात्र हीच अधिक खरी वाटते. माणूस हटला की जनावर पुढे सरकते आणि शेती सुरू करण्याआधी रात्री बाहेर पडता यावे लागते.

त्यानंतरचे साधन म्हणजे कौल आणि इस्तावा. कौल म्हणजे अभयपत्र : या, वस्ती करा, मागची बाकी मागणार नाही. इस्तावा म्हणजे चढता सारा. पडीक जमीन पहिल्या वर्षी नाममात्र साऱ्यावर, मग दरवर्षी थोडा थोडा वाढवत पाच-सहा वर्षांनी पूर्ण धारा. हा धारा मलिक अंबरच्या वेळचा धरला जाई. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला होता, त्याची निजामशाही १६३६ मध्ये बुडाली, पण त्याचा धारा उरला. राज्य गेले तरी हिशेब जात नाही.

शेत कुणाचे, याचे उत्तर इथेच आहे. जमीन कसणारे घराणे मेले किंवा परागंदा झाले की ती जमीन ‘गतकुळी’ म्हणून नोंदली जाई. गेलेल्या कुळाची, म्हणजे मोकळी नव्हे. गावातल्या जमिनीचे मोठे तुकडे, ‘थळे’, मूळ घराण्याच्या नावाने ओळखले जात आणि कसणारा बदलला तरी थळाचे नाव बदलत नसे. नवा आलेला माणूस ‘उपरी’. मिरासदार परत आला, किंवा त्याचा मुलगा आला, तर तो आपली मिरास मागू शके. मग गोतसभा बसे, पाटील-कुलकर्णी-बलुतेदार साक्षी देत, महजर होई. दुष्काळात देशोधडीला लागलेल्या माणसाला वर्षांनंतर परतून ‘हे माझे’ म्हणता येत होते आणि गाव ते ऐकून घेत होते, ही लहान गोष्ट नाही. ‘अर्थ अबाइड्स’मध्ये नायकाला ग्रंथालय वाचवायचे असते आणि त्याच्या बहुतेक पोरांना वाचनाची गोडी लागत नाही. मावळात ग्रंथालय नव्हते, पण पाटलापासून चांभारापर्यंत प्रत्येकाला कुणाचे थळ कुठे संपते ते तोंडपाठ होते.

सगळ्यात जास्त पाठ होते ते महाराला. दोन गावांच्या शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष निर्णायक मानत. त्याने शीव चालून दाखवायची आणि गावांनी ती मान्य करायची. गावकूस कोसळल्यावर शीव ज्याच्या डोक्यात शिल्लक होती तो माणूस गावकुसाबाहेर राहत होता. गाव पुन्हा वसले तेव्हा त्याला त्याचे जुनेच मिळाले : हाडकी-हाडवळ्याचा तुकडा, बलुते आणि वेठ. उभारणी आठवणीच्या जोरावर झाली आणि आठवणीत उच्चनीचही होतेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले आणि कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. मावळच्या उभारणीचे कौतुक करताना ही सव्वातीनशे वर्षे वजा करता येणार नाहीत. शिवशाहीवर लिहिणारे आम्ही हौशी लोक ती बहुधा वजा करतो.

इंद्रायणीच्याच काठी, मावळाला लागून, देहू आहे. या दुष्काळात तुकोबांची थोरली पत्नी गेली, मुलगा गेला. पुढे त्यांनी आपल्या वाट्याच्या कर्जखतांची कागदे इंद्रायणीत सोडली, धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला दिली, असे परंपरा सांगते. ही कथा आपण वैराग्याची म्हणून ऐकतो. मला ती दुष्काळानंतरच्या अर्थव्यवहाराची म्हणूनही वाचता येते. सगळा मुलूख जुने कागद शोधून हक्क शाबीत करत असताना एका वाण्याने देणेकऱ्यांना मोकळे केले. माझ्या माहितीतल्या त्या काळच्या सगळ्या मंडळींत कोऱ्या पाटीचा विचार केलेला हा एकच माणूस.

१९ फेब्रुवारी १६३० ही शिवजन्माची तारीख धरली, तर शिवाजीराजे जन्मले तेच या दुष्काळाच्या वर्षी. म्हणजे पडझडीनंतरच्या जगात वाढलेली ती पिढी, नव्या कादंबऱ्यांतल्या मुलांच्याच वयाची. २८ जानेवारी १६४६ चे रांझे गावचे पत्र प्रसिद्ध आहे. गावचा पाटील बाबाजी गुजर याच्या हातून ‘बदअमल’ झाला म्हणून त्याचे हातपाय तोडले. राजांचे वय तेव्हा सोळाही पुरे नव्हते. लोक शिक्षेपाशी थांबतात, पण पत्र पुढे जाते. पाटीलकी अमानत केली आणि मग ती दिली कुणाला? त्याच गोतातल्या सोनजी गुजराला, ज्याने या लुळ्या माणसाला सांभाळायचे पत्करले. शासन नवे, वतन त्याच घरात.

त्यानंतर तीस वर्षांनी, ५ सप्टेंबर १६७६ ला, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रात इस्ताव्याच्या पुढचे पाऊल आहे. गावोगाव फिर, कुळंबी गोळा कर, ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे दे, पोटाला खंडी-दोन खंडी दाणे दे, आणि हे पैसे व्याज न लावता, मुद्दल तेवढे, त्याला पेलेल तसे हळूहळू घे. नुसती सूट देऊन माणूस उभा राहत नाही, हे यात ओळखले आहे. ते शिकायला एक आयुष्य लागले असावे.

मधल्या काळात मावळ पुन्हा जळाला. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजांनी लोहगड, विसापूर, तुंग, तिकोन्याच्या पायथ्याची गावे जाळली. पुरंदरच्या तहात लोहगड गेला, १६७० मध्ये परत आला आणि कौल पुन्हा द्यावे लागले.

पेशवाई बुडाल्यावर, १८२० नंतरच्या दशकात, मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी साइक्स दख्खनच्या गावांतून थळांच्या यादी जमवत फिरला. कित्येक थळांना अशा घराण्यांची नावे होती, ज्यांचा गावात वंशज उरला नव्हता. कुलकर्ण्याने नाव सांगितले, साइक्सने ते लिहून घेतले.