कायद्याला गाव सापडायला किती वर्षं लागली

गटाच्या बैठकीत माणसांच्या खरेदी-विक्रीचा विषय निघाला की बहुतेक जणींच्या डोळ्यांपुढे मुंबईच येते. कामाठीपुरा येतो, सिनेमात पाहिलेलं काहीतरी येतं. आपल्या गावाचा त्याच्याशी काय संबंध, असं वाटतं. सरकारलाही फार वर्षं तसंच वाटत होतं. मुलगी जिथे पोहोचते तिथे कायदा उभा राहिला. ती जिथून निघते तिथे यायला त्याला दीडशे वर्षं लागली. आज आम्ही तोच इतिहास सांगणार आहोत.

सुरुवात इंग्रजांच्या काळातली. १८६० सालच्या दंडसंहितेत वेश्याव्यवसायासाठी लहान मुलगी विकणं आणि विकत घेणं, हे दोन्ही गुन्हे होते. तेव्हा वयाची मर्यादा सोळा वर्षांची होती, १९२४ मध्ये ती अठरा झाली. कागदावर चांगलंच होतं. पण गावात तक्रार करणार कोण? आपल्याकडे मुलीला जेजुरीच्या खंडोबाची मुरळी करायचे, सौंदत्तीच्या यल्लम्माला देवदासी म्हणून सोडायचे. त्यात बाजार दिसत नव्हता, नवस दिसत होता. भंडारा उधळला जायचा, जेवणावळ व्हायची, आणि पुढे त्या पोरीचं काय झालं हे कुणी विचारायचं नाही.

ते विचारणारे पहिले लोक सरकारातले नव्हते. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे १९०८ पासून ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढत. दलित समाजातल्याच मुली मुरळी केल्या जातात, याविरुद्ध त्यांनी त्यात लिहिलं. शिवूबाई नावाच्या एका मुरळीचं पत्रही छापलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अशा बाईनं स्वतःची हकिकत छापायला द्यायची, ही साधी गोष्ट नव्हे. पुढे तिचं लग्नही झालं. तिचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं, असं आम्हाला वाटतं.

मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला १९३४ साली. त्यानंतरही मुली सोडल्या जातच राहिल्या. १९७५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली, आणि बाया स्वतः व्यासपीठावर बोलल्या. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा बंद करणारा नवा कायदा मात्र २००५ चा. १९३४ ते २००५, एकाहत्तर वर्षं झाली. पहिला कायदा पुरला असता तर दुसरा लागला नसता.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या २३व्या कलमात माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोन्हींना एकाच वाक्यात मनाई केली. हे दोन शब्द एकत्र आले हे लक्षात ठेवा, कारण नंतरच्या कायद्यांनी ते वेगळे केले. १९५० साली संयुक्त राष्ट्रांत एक करार झाला, त्यावर भारतानं सही केली, आणि त्याला धरून १९५६ चा अनैतिक व्यापार रोखण्याचा कायदा आला. १९८६ मध्ये तो बदलला, तेव्हा त्यात फक्त बाया आणि मुली नव्हे, मुलगे आणि पुरुषही आले. पण हा सगळा कायदा एकाच धंद्याचा होता. वीटभट्टीवर, हॉटेलात, कुणाच्या घरी राबायला नेलेलं पोर त्यात बसत नव्हतं. शिवाय छापा पडला की जिला आणलं तीच पुष्कळदा आरोपी व्हायची, कारण रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं हा तिचा गुन्हा होता. आणणारा आधीच पसार झालेला असायचा.

सोडवलेल्या मुलीचं पुढे काय करायचं, हे सरकारला किती ठाऊक नव्हतं याचं उदाहरण १९९६ चं. त्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मुंबईच्या वस्त्यांत छापे पडले आणि चारशेहून जास्त मुली बाहेर काढल्या गेल्या. त्यातल्या निम्म्याच्या आसपास नेपाळच्या होत्या. इतक्या जणींना ठेवायला जागा नव्हती, आजारपणाला औषधपाण्याची धड सोय नव्हती, आणि नेपाळ सरकार त्यांना घ्यायला पुढे येईना. त्या कित्येक महिने अडकून पडल्या. शेवटी नेपाळमधल्या संस्थांनी त्यातल्या बऱ्याच जणींना परत नेलं. सुटका एका रात्रीत होते, मैत्रिणींनो. घर एका रात्रीत मिळत नाही.

सोडवलेल्या मुलीला पुन्हा तिथेच नेण्याची वाटही उघडी होती. कोणीतरी ‘मी आई’, ‘मी मामा’ म्हणून कोर्टात उभं राहायचं आणि मुलगी ताब्यात घ्यायचं. वकील मालकिणीचाच असायचा. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हे थांबवलं. ‘प्रेरणा’ या संस्थेनं लढवलेल्या त्या खटल्यात ठरलं की अठरा वर्षांखालची मुलगी बाल कल्याण समितीपुढेच न्यायची, पालकांची खरी चौकशी झाल्याशिवाय तिला सोडायचं नाही, आणि आरोपीच्या वकिलानं तिच्या वतीनं उभं राहायचं नाही.

ही बाल कल्याण समिती २००० सालच्या बाल न्याय कायद्यातली. त्याआधी मुंबई इलाख्याचा १९२४ चा मुलांचा कायदा होता. आपल्याकडे अजूनही पोराला धाक घालताना ‘रिमांडला टाकीन’ म्हणतात, तो त्या काळचा वारसा. चोरी केलेलं पोर आणि चोरून नेलेलं पोर, दोघांचीही रवानगी रिमांड होममध्ये. २००० च्या कायद्यानं दोन वाटा नीट वेगळ्या केल्या. आता संरक्षण हवं असलेल्या मुलाला पोलीस कोठडी नाही, त्याच्यासाठी समिती. २०१५ च्या नव्या बाल न्याय कायद्यातही ती कायम आहे.

१०९८ हा क्रमांकही मुंबईचाच. टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया रस्त्यावरच्या मुलांत काम करत. अडचण आली की ती मुलं रात्री-अपरात्री त्यांच्या घरी फोन करायची. त्यातून १९९६ मध्ये मुलांसाठी फुकट फोनची सेवा सुरू झाली. ‘दहा-नऊ-आठ’, उलटं मोजल्यासारखं, म्हणजे पोरांच्या लक्षात राहावं. २०२३ पासून ती सरकारनं स्वतःकडे घेतली आणि ११२ या क्रमांकाशी जोडली. फोन मूल स्वतः करू शकतं, शेजारीणही करू शकते.

आता मूल हरवण्याची गोष्ट. २००६ च्या शेवटी दिल्लीजवळ निठारी गावात मुलांचे सांगाडे सापडले. त्यांच्या आईबापांनी आधीच पोलिसांकडे खेटे घातले होते, गरिबांची पोरं म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. त्या धक्क्यानंतर हरवलेल्या मुलांकडे देशाचं लक्ष गेलं. १० मे २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली तर नुसती वहीत नोंद करून भागणार नाही. गुन्हा नोंदवायचा, आणि पळवून नेलं असावं किंवा विकलं असावं असं धरूनच तपास सुरू करायचा. ‘आली असेल मैत्रिणीकडे, दोन दिवस बघा,’ असं ठाण्यात कुणी म्हणालं तर हे सांगता येतं.

त्याच वर्षी दंडसंहितेचं ३७०वं कलम बदललं. तोवर ते जुन्या गुलामगिरीचं कलम होतं. आता धमकी, फसवणूक, पैशाचं आमिष, ताबा असलेल्या माणसाला पैसे देणं, यातल्या कुठल्याही मार्गानं शोषणासाठी माणूस नेणं हा गुन्हा झाला, मग ते शोषण शरीराचं असो की श्रमाचं. संविधानानं एकत्र ठेवलेले दोन शब्द पुन्हा जवळ आले. आणि त्यात एक वाक्य आहे, ते प्रत्येक गटाच्या वहीत लिहून ठेवावं असं आम्हाला वाटतं: ज्याला नेलं त्याची संमती होती की नव्हती, याला अर्थ नाही. ‘ती स्वतःच्या पायानं गेली’ ही पळवाट तिथे संपते. मूल असेल तर शिक्षा किमान दहा वर्षांची. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत १४३ या क्रमांकानं आहे.

आणि तरीही. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात कातकरी वस्तीवरची लहान मुलं शेजारच्या नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला दिलेली आढळली. मोबदला थोडे पैसे आणि एखादी मेंढी. हे बाहेर आलं एका लहान मुलीचा जीव गेल्यावर. वेठबिगार तर १९७६ च्या कायद्यानंच बंद झालेली होती. त्या कायद्यात घेतलेली उचलसुद्धा रद्द होते, ती फेडायला मूल राबवणं हाच गुन्हा. पण वस्तीवरून पोरं निघाली तेव्हा तिथे कायदा नव्हता. तिथे शेजारी होते, शाळेचा पट होता, अंगणवाडी होती. आईबापांना नुसतं वाईट म्हणून आम्ही मोकळ्या होणार नाही. ज्या घरात चूल पेटत नाही तिथे मुकादमाची उचल सगळ्यात आधी पोहोचते, बँकेचं कर्ज सगळ्यात शेवटी.

मुलांच्या संरक्षणाची केंद्राची योजना २००९ मध्ये सुरू झाली, आज ती मिशन वात्सल्य म्हणून ओळखली जाते. तिच्यात प्रत्येक गावासाठी ग्राम बाल संरक्षण समिती सांगितली आहे. सरपंच अध्यक्ष, सोबत अंगणवाडी सेविका, शिक्षक, आरोग्य सेविका, आणि दोन जागा मुलांच्याच. १८६० पासून मोजलं तर कायदा गावाच्या पारावर यायला असा वेळ लागला. आमच्या भागात कित्येक बायांना ही समिती आपल्या गावात आहे हेच माहीत नाही. काही ठिकाणी सदस्यांनाही माहीत नाही, नावं कुणीतरी परस्पर लिहिलेली.

पुढच्या ग्रामसभेत तिची यादी मागा. शेवटची बैठक कधी झाली ते वहीत पाहा. दिवाळीनंतर शाळेच्या पटावरची कोणती मुलं गैरहजर आहेत, ती कुणाबरोबर गेली, नेणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव आणि फोन कुणाकडे लिहिलेला आहे, हे त्या बैठकीत विचारायचं असतं. नाव कुणाकडेच नसेल तर १०९८ ला लावा. पुढच्या भागात बालविवाह आणि ग्रामसेवकाची जबाबदारी यावर बोलू.