पेठचे पेटकर

बौशरच्या सुलतान काबूस क्रीडा संकुलात मुलांना पोहायला सोडून आपण पालक गप्पा मारत बसतो. परवा विषय निघाला अपंगांच्या शिडाच्या होड्यांचा. पॅरालिम्पिकमध्ये या शर्यतींना २००० सालापासून पदके होती, २०१६ नंतर त्या वगळल्या गेल्या. पण त्याआधी २८ वर्षे एका मराठी माणसाने पाण्यातूनच सुवर्णपदक आणले होते, हे कुणाच्याच ध्यानात नव्हते!

सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यात ईएमई दलाचे जवान आणि मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचे शरीर लुळे पडले. पोहणे सुरू झाले ते उपचार म्हणून. पाय निर्जीव असले की पाण्यात ओझे होतात, सारी मदार खांद्यांवर. पेटकरांचे खांदे मुष्टियुद्धाने घडवले होते, असे मला आपले वाटते. ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गला ५० मीटर मुक्त शैलीत त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम केला आणि भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्ण मिळाले.

खाशाबांचे १९५२ चे कांस्य आपण मुलांना कौतुकाने सांगतो. वैयक्तिक सुवर्ण म्हटले की २००८ चा बिंद्रा. पेटकर त्याच्याही ३६ वर्षे आधीचे. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, अर्जुन पुरस्कार तर थेट जानेवारी २०२५ मध्ये.

माझ्या मुलीनेच हे नाव मला सांगितले, २०२४ चा ‘चंदू चॅम्पियन’ पाहून आल्यावर. आणि माझे आजोळ इस्लामपूरपासून तासाभराच्या वाटेवर!