मिर्झाराजांचे वय

जयपुरास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाच्या घरी पहिल्या हिवाळ्यापासून पाहुण्यांची रीघ लागते, आणि पाहुण्यांबरोबर आमेरची वारी ठरलेली असते. मावठा तलावाच्या काठाने चढ चढावा, सूरजपोळीतून जलेब चौकात यावे, शिलादेवीला हात जोडावेत, दिवाण-इ-आमचे खांब पाहावेत, गणेशपोळीसमोर छायाचित्र काढून घ्यावे आणि शीशमहालाच्या छताकडे पाहून मान अवघडवून घ्यावी, असा हा क्रम. गेल्या काही वर्षांत आम्ही तो इतक्या वेळा पाळला आहे की, कोणत्या पायरीवर कोणाचा दम लागेल हेही आता आधी सांगता येते. परंतु पाहुणा कितीही घाईत असो, एका ठिकाणी तो हमखास थांबतो. "म्हणजे पुरंदरच्या तहाचा मिर्झाराजा जयसिंह तो हाच का?" आम्ही होय म्हणतो, आणि पाहुण्याचा चेहरा बदलतो. आरशांची शोभा तेवढ्यापुरती मावळते.

हा बदलणारा चेहरा पाहता पाहता आम्हांला एक छंद जडला. जो कोणी येईल त्याला आम्ही विचारू लागलो, "पुरंदराच्या पायथ्याशी शिवाजीराजे आणि जयसिंह समोरासमोर आले, त्या वेळी दोघांची वये काय असतील?" ग्रंथात पाहून उत्तर द्यायचे नाही, मनात जे चित्र असेल ते सांगायचे, एवढीच अट.

उत्तरे मोठी मनोरंजक मिळाली. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारा आमचा भाचा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "महाराज तिशीच्या आतले आणि जयसिंह सत्तरीचा." निवृत्तीला आठ महिने उरलेले हिशेबखात्यातील एक गृहस्थ खांबाला टेकून बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पन्नाशी उलटलेला असणार. असली कामगिरी त्याच वयात गळ्यात पडते. नाही म्हणता येत नाही, आणि फसली तर सावरायला पुढे वर्षे नसतात." एका मावशींनी दोघांचीही वये सांगितली नाहीत. त्यांनी उलट विचारले, "आणि संभाजी केवढा होता हो तेव्हा?" प्रत्येक जण आपल्याच वयाच्या खिडकीतून पुरंदराकडे पाहत होता, हे आमच्या ध्यानात येण्यास अशी पंधरावीस उत्तरे जमावी लागली.

खरी वये अशी आहेत. ती भेट ११ जून १६६५ ची. महाराजांना पस्तीस वर्षे पुरी झाली होती. जयसिंहाचा जन्म १६११ चा, म्हणजे त्याला चोपन्नावे वर्ष चालू होते. संभाजीराजे आठ वर्षांचे होते. आणि त्या छावणीत चौथे एक वय होते, ते आपल्या शालेय इतिहासात सहसा येत नाही. निकोलाव मनूची हा सत्तावीस वर्षांचा व्हेनिसचा तरुण जयसिंहाच्या नोकरीत होता आणि रात्री राजाशी पत्ते खेळत असे. त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, एका रात्री असाच डाव रंगला असता शिवाजीराजे आत आले, सारे उठून उभे राहिले, आणि हा तरुण कोणत्या मुलखाचा राजा, असे त्यांनी जयसिंहाला विचारले. फिरंग्यांचा राजा, असे उत्तर मिळाले. स्वतःच्या मोठेपणाचा प्रसंग मनूची हातचा जाऊ देणारा नव्हे. तेवढी सूट घातली तरी एका तंबूत चार अवस्थांची माणसे एकत्र आली होती, ही गोष्ट उरतेच. एकाला अजून जग पाहायचे होते. एकाने स्वतःचे जग उभे केले होते आणि त्याचा मोठा वाटा दुसऱ्याच्या हवाली करण्याची वेळ त्याच्यावर आली होती. एक मूल ओलीस म्हणून लौकरच त्या छावणीत दाखल व्हायचे होते. आणि चौथ्याला हे काम यशस्वी करून, शक्य तितक्या लौकर, बादशहाला तसे लिहायचे होते.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली आयुष्याच्या आठ अवस्था मांडल्या आणि प्रत्येक अवस्थेचा एकेक झगडा सांगितला. मध्यम वयाचा झगडा, त्याच्या मते, आपल्यामागे काय राहणार याचा असतो, आणि अखेरचा झगडा झालेले आयुष्य आपले म्हणून पत्करण्याचा. पुढे गांधीजींवर लिहिताना तो अहमदाबादेस जाऊन १९१८ च्या गिरणीसंपाच्या काळातल्या वृद्धांशी बोलत बसला. आमच्या आमेरच्या चौकशीला तसले शास्त्र नाही. पण जयसिंहाची कुंडली मांडताना त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आपल्याकडील आश्रमव्यवस्था या माणसाला लावू गेल्यास ती लागतच नाही. त्याच्या वाट्याला ब्रह्मचर्य आले नाही आणि वानप्रस्थही आला नाही.

त्याचा बाप महासिंह १६१७ मध्ये अतिमद्यपानाने वारला, तेव्हा जयसिंह सहा वर्षांचा होता. १६२१ मध्ये, दहाव्या वर्षी, तो आमेरच्या गादीवर बसला. ही गादी म्हणजे बादशाही चाकरीची सनद होती. जहांगीर, शहाजहान आणि औरंगजेब अशा तीन धन्यांची त्याने सेवा केली. दक्षिण, बल्ख, कंदाहार, पुन्हा दक्षिण, अशा त्याच्या नेमणुका. जयमंदिर, म्हणजे आपण ज्याला शीशमहाल म्हणतो तो, त्याने बांधला. पण त्यात त्याला सलग किती रात्री निजायला मिळाले असेल, याचा विचार बदलीच्या नोकरीतल्या माणसाने जरूर करावा. बिहारी कवी त्याच्या पदरी होता. परंपरा अशी सांगते की, राजा नव्या राणीच्या नादाने राज्यकारभार विसरला, तेव्हा बिहारीच्या एका दोह्याने त्याला जागे केले. त्याच बिहारीचा दुसरा एक दोहा ससाण्यावर आहे. परक्याच्या हातावर बसून पाखरे मारणारा हा ससाणा म्हणजे जयसिंहच, असा अर्थ रसिक लावत आले आहेत. पहिला दोहा राजाने ऐकला. दुसरा ऐकण्याच्या वयात तो राहिला नव्हता.

१६५८ साली शहाजहानच्या मुलांत युद्ध पेटले. जयसिंहाने सुलेमान शिकोहबरोबर बहादूरपुरास शुजाचा पराभव केला, आणि पुढे दाराचा पाडाव झाल्याचे कळताच सुलेमानला सोडून तो औरंगजेबाला मिळाला. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणूस कोणत्या बाजूला उभा राहतो, त्यावर पुढची सारी वर्षे ठरतात. या निवडीनंतर नव्या धन्याला आपली निष्ठा पुनःपुन्हा पटवून देणे त्याला भाग होते, आणि पुरंदर हा त्या पटवून देण्याचाच एक भाग आहे, असे आमचे मत झाले आहे.

पुरंदरची भेट आम्ही लहानपणापासून वाचत आलो. आता वाचताना तिच्यातल्या एका माणसाकडे आमचे विशेष लक्ष जाते. महाराज येत आहेत असे कळताच जयसिंहाने आपला मुन्शी उदयराज आणि उग्रसेन कछवाहा यांना सामोरे पाठवले, आणि सर्व किल्ले देणार असाल तरच या, असा निरोप दिला. हा उदयराज म्हणजे जयसिंहाची फारसी पत्रे लिहिणारा कारकून. ती पत्रे पुढे 'हफ्त अंजुमन' या संग्रहात एकत्र झाली, म्हणून आज आपण जयसिंहाच्या मनात डोकावू शकतो. आमच्या पेशाच्या माणसाला इतिहासात इतक्या जवळून उभे राहिलेले पाहून थोडा अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे. राजाने महाराजांना आलिंगन देऊन शेजारी बसवले. त्याच वेळी, त्याच्याच इशाऱ्याने, पुरंदरावर चढवलेला हल्ला तंबूतून दिसत होता. बोलणी मध्यरात्रीपर्यंत चालली. चार लक्ष होनांच्या उत्पन्नाचे तेवीस किल्ले गेले आणि बारा राहिले.

पंचविशीत आम्हांला यात केवळ कपट दिसे. आज आमचे वय छत्तीस आहे आणि कपट तर दिसतेच, पण तंबूबाहेर हल्ला दाखवीत आत आलिंगन देणाऱ्या माणसाची घाईही दिसते. पावसाळा तोंडावर होता आणि विजापूरची मोहीम पुढे उभी होती.

यानंतरचे आग्रा प्रकरण प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे. मात्र त्याचे सर्वांत ताजे वृत्तांत या आमेरलाच येत होते, हे येथे येईपर्यंत आम्हांला ठाऊक नव्हते. जयसिंहाचा मुलगा कुंवर रामसिंह आग्ऱ्यास होता. त्याचा माणूस परकालदास हा आमेरच्या दिवाण कल्याणदासाला राजस्थानी बोलीत पत्रे पाठवी. ही पत्रे जयपूर संस्थानाच्या दप्तरात मिळाली. सर जदुनाथ सरकार आणि डॉ. रघुवीरसिंह यांच्या परिश्रमाने ती १९६३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, आणि जयपूरचे ते जुने दप्तर आता बिकानेरच्या राज्य अभिलेखागारात आहे. परकालदास लिहितो की, शिवाजी अंगाने सडपातळ आणि गोरा आहे, आणि न विचारताही हा कोणी राजा आहे असे त्याच्याकडे पाहून वाटते. मुलगा नऊ वर्षांचा, गोरा आणि देखणा. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाचा चांद्रमानाने पन्नासावा वाढदिवस होता. ज्या दरबारात महाराज क्रुद्ध झाले तो त्या उत्सवाचा. नंतर दोनच दिवसांनी, १४ मे रोजी, संभाजीराजांनी नववे वर्ष पुरे केले. त्या वाढदिवसाचा उत्सव कोणी केला असेल? आमच्या मावशींचा प्रश्न येथे येऊन पोहोचतो.

महाराजांबद्दल रामसिंह जामीन राहिला. १७ ऑगस्टला महाराज निसटले, आणि जामीनदार मुलाची मनसब व दरबारबंदी यांचे संकट दक्षिणेत बसलेल्या बापावर कोसळले. विजापूरची मोहीम तोवर फसली होती. तिच्यात त्याने पदरचा पैसा घातला होता. याच काळात वजीर जाफरखानाला लिहिलेल्या एका पत्रात जयसिंहाने असा बेत सुचवला आहे की, आपल्या मुलासाठी शिवाजीच्या मुलीला मागणी घालावी, त्या निमित्ताने त्याला भेटीस बोलवावे आणि वाटेत त्याचा निकाल लावावा. हे पत्र वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले. आलिंगन देणारा हात तो हाच. मुलाच्या काळजीने आणि नोकरीच्या भीतीने पंचावन्नाव्या वर्षी माणूस इतका खाली येतो, असे म्हणावे तर त्याला पुष्कळ सूट दिल्यासारखे होते, आणि न म्हणावे तर आपल्या कचेरीतल्या अर्ध्या गोष्टी आपण पाहिल्याच नाहीत असे होते. हिशेबखात्यातील त्या गृहस्थांना आम्ही हे पत्र सांगितले. ते म्हणाले, "वरच्याला खूश करणारे पत्र आणि मनातले पत्र, यांत फरक असतो हो." मग जरा थांबून म्हणाले, "पण सही त्याचीच ना?"

आमेरच्या बाजूचेही एक उत्तर नोंदवले पाहिजे. महालाच्या खालच्या वस्तीत राहणाऱ्या, पहाऱ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एका वृद्धाला आम्ही आमचा वयाचा प्रश्न घातला. तो हसून म्हणाला, "बाबूजी, राजा की उमर क्या पूछते हो, नौकरी पूछो." आम्ही बोटांवर हिशेब केला. सेहेचाळीस वर्षे. मग त्याने आमच्या राजाच्या वचनाला कुंवर जागला म्हणून तुमचा राजा वाचला, असे ठासून सांगितले. रामसिंहाचा निसटण्यात हात होता असे आग्ऱ्यालाही काहींना वाटत होते. म्हाताऱ्याच्या अभिमानाला आम्ही धक्का लावला नाही.

१६६७ मध्ये जयसिंहाला परत बोलावण्यात आले. औरंगाबादेस शहाजादा मुअज्जमच्या हाती चार्ज देऊन तो उत्तरेकडे निघाला आणि बुऱ्हाणपुरास वारला. वय छप्पन्नच्या आसपास. घरी पोहोचला नाही. आणि येथे या घराण्याची एक विलक्षण गोष्ट पुढे येते. आमेरचा महाल बांधायला घेणारा मानसिंह १६१४ मध्ये अचलपुरास वारला. महासिंह १६१७ मध्ये बाळापुरास. त्यांच्यामधला भावसिंह १६२१ मध्ये दक्षिणेतच. जन्म ढुंढाडात आणि मरण वऱ्हाडाच्या वाटेवर, असे हे चार पिढ्यांचे पांग.

अचलपूर, बाळापूर ही नावे आम्ही इतक्या सहज लिहिली, पण ती प्रथम या संदर्भात वाचली तेव्हा आम्ही दचकलो होतो. बाळापूर हे आमचे आजोळ. मन आणि म्हैस या नद्यांच्या त्या गावी नदीकाठी एक देखणी दगडी छत्री आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिच्या खांबांआड लपाछपी खेळलो आहोत. पुराच्या वेळी पाणी कोठवर आले ते तिच्यावरून सांगत. कोणी राजपूत राजाने बांधली, एवढेच आजोबा सांगत. ती मिर्झाराजा जयसिंहाने बांधली, हे आम्ही आमेरला आल्यावर वाचले. त्याने ती का बांधली याविषयी आमचा केवळ तर्क आहे. पन्नाशी उलटलेला मुलगा दक्षिणेच्या मोहिमेवर असता, आपण सहा वर्षांचे असताना बाप जेथे गेला त्या गावी काही उभे करावे, असे त्याला वाटले असेल.

गेल्या दिवाळीत वडील जयपुरास आले होते. आता ते पंच्याहत्तरीचे आहेत आणि पायऱ्या त्यांना झेपत नाहीत. आम्ही त्यांना दिवाण-इ-आमपर्यंतच नेले आणि खांबाशी बसवले. त्यांनाही वयाचा प्रश्न विचारला. त्यांनी तो नीट ऐकलाही नाही. खाली मावठ्याकडे पाहत ते म्हणाले, "बाळापूरच्या छत्रीचा दगड असाच आहे का रे?" दगड निराळा आहे, असे आम्ही सांगितले. "मग तिकडचाच वापरला असेल," ते म्हणाले, आणि परतीच्या गाडीच्या तिकिटाची चौकशी करू लागले.