उकिरड्याचे दैव

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव पालटते, अशी मराठीत म्हण आहे. माळव्यात त्याला बारा वर्षेही लागली नाहीत. १९२४ साली होळकरांच्या इंदूरमध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली आणि १९३१ मध्ये तिथल्या कामाचे पुस्तक ऑक्सफर्डने छापले. शेतातल्या टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस कसा करावा, हा त्याचा विषय. मुखपृष्ठावर दोन नावे होती : आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. पहिले नाव जगभर गेले. दुसऱ्यासाठी मी हे लिहितो आहे.

हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारातल्या पुसा येथील संशोधनकेंद्रात आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी गव्हाचे नवे वाण तयार केले. पण जमीन कसदार नसेल तर उत्तम वाणही फार काही देत नाही, हे त्यांना कळून चुकले. पुशात मातीचे खाते निराळे, किडीचे निराळे, रोगाचे निराळे. रोपाकडे अखंडपणे पाहता यावे म्हणून त्यांनी इंदूर गाठले.

संस्थेला कापसाच्या संशोधनासाठी पैसा मिळत होता, आणि कापसाने पहिला प्रश्न टाकला तो पऱ्हाट्यांचा. कडक, काष्ठमय, लवकर न कुजणाऱ्या. त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडल्या जात, मग गोठ्यात बैलांखाली अंथरल्या जात. त्या गोमूत्रात भिजत. गोठ्यातली मूत्र मुरलेली मातीही खणून घेतली जाई. मग उथळ खड्ड्यात पाचोळा, तण, हे अंथरूण, शेणकाला, माती आणि लाकडाची राख यांचे थर रचायचे, पाणी शिंपायचे आणि तीनदा रास पालटायची. सुरुवातीला बुरशी, नंतर जिवाणू काम करतात. रास चटका बसेल इतकी तापते. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत हाती येते.

यातले बरेचसे शेतकऱ्याला ठाऊक होते. चिनी शेतकऱ्यांनी शतकानुशतके असेच जमिनीचे घेणे तिला परत केले होते. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ किंग यांचे १९११ चे पुस्तक हॉवर्ड यांनी वाचले होते आणि ते ऋण ते मान्य करत. मग इंदूरने नवे काय केले? मोजमाप. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण किती असावे, हवा कधी द्यावी, आम्लता राखेने कशी मारावी, हे ठरवले. आणि संस्थेतल्या रसायनशाखेचे काम वाड यांच्याकडे होते. अंदाजाचा उकिरडा पुन्हा पुन्हा तसाच करता येईल अशी कृती झाला, तो या हिशेबामुळे.

हॉवर्ड यांनी पद्धतीला स्वतःचे नाव दिले नाही, शहराचे दिले. ‘इंदूर पद्धत’ चहा-कॉफीच्या मळ्यांवर आणि आफ्रिकेत पोचली. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनी ती संस्थेत जाऊन पाहिली. १९४० चे ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ मात्र एकट्या हॉवर्ड यांचे होते. सेंद्रिय शेतीवाल्यांनी तेच उराशी धरले आणि जनकत्व एकाच माणसाच्या पदरात पडले. यात कुणाचा कपटभाव होता असे मी म्हणत नाही. पण नव्वद वर्षांनी कंपोस्टबद्दल मराठीत बोलतानाही आपण साहेबाचे नाव घेतो आणि वाडांचे घेत नाही, हे मला खटकते.

त्याहून मोठी विस्मृती आणखी एक आहे. मळेवाल्यांना जमले ते लहान शेतकऱ्याला का जमले नाही? त्याच्या घरी शेणाच्या गोवऱ्या होतात, पऱ्हाट्या चुलीत जातात. खड्डा भरायला, रास पालटायला माणसे लागतात आणि पाणी लागते. आज चुलीत गॅस आला, तरी बऱ्याच ठिकाणी पऱ्हाट्या शेतातच पेटवतात. कारण काडीपेटी मजुरीपेक्षा स्वस्त आहे. म्हणून मातीच्या कसाचा प्रश्न मला केवळ रसायनाचा वाटत नाही. घरात सरपण काय आहे आणि तीन पालटण्यांची मजुरी कोण देणार, हे आधी विचारावे लागते. कर्ब-नत्राचा हिशेब वाडांनी मांडून ठेवला आहे. हा दुसरा हिशेब मांडणे अजून आपल्याकडे बाकी आहे.