बोरन्हाण म्हणजे काय? बाळाची 'लूट' कशी करतात आणि काय काळजी घ्यावी

जानेवारी उजाडला की सोशल मीडियावर एक फोटो हमखास दिसू लागतो. काळं झबलं, गळ्यात पांढरा हार, डोक्यावर मुकुट, आजूबाजूला बोरं आणि मुरमुऱ्यांचा सडा आणि मधोमध गोंधळून बघणारं बाळ. हा फोटो बोरन्हाणाचा. विदर्भात याच सोहळ्याला अनेक घरांत 'लूट' म्हणतात. घरात नवीन बाळ आलं असेल, तर त्याचा हिवाळ्यातला पहिला मोठा सण हाच.

बोरन्हाण नेमकं काय असतं, ते कधी करतात, भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात त्याच्या टोपलीत काय असतं आणि या गोड कार्यक्रमात बाळाच्या घशाची काळजी घेणं का गरजेचं आहे, ते समजून घेऊ.

बोरन्हाण म्हणजे काय?

बोरन्हाण म्हणजे बोरांनी घातलेलं न्हाण. पाण्याऐवजी बाळाच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, तिळाच्या रेवड्या आणि बत्तासे ओततात. खाली पडलेला खाऊ जमलेली मुलं गोळा करतात. त्यावरूनच 'लूट' हा शब्द आला.

हा सोळा संस्कारांपैकी संस्कार नाही. त्याला ठरलेला विधी, मंत्र किंवा भटजी लागत नाही. ही घरातल्या बायकांनी चालवलेली लोकरीत आहे. त्यामुळेच प्रत्येक घरी ती थोडी वेगळी दिसते. कृष्णाचं बोरन्हाण झालं होतं, किंवा 'करी' नावाच्या राक्षसाची दृष्ट मुलांना लागू नये म्हणून ही प्रथा पडली, अशा कथा सांगितल्या जातात. दुसरं कारण जास्त सरळ आहे. या दिवसांत शेतात आणि रानात जे पिकतं, त्याची ओळख बाळाला व्हावी आणि आजूबाजूच्या मुलांना ते वाटून खाता यावं.

कधी करतात?

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणत्याही सोयीच्या दिवशी. संक्रांत सूर्याच्या गतीवर ठरते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी. ती तिथीवर ठरत असल्याने दरवर्षी पुढे-मागे होते. २०२५ मध्ये ती ४ फेब्रुवारीला होती, तर २०२६ मध्ये २५ जानेवारीला. त्यामुळे काही वर्षी महिनाभर वेळ मिळतो आणि काही वर्षी जेमतेम दहा-बारा दिवस.

साधारणपणे बाळाच्या जन्मानंतर येणाऱ्या पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण करतात. पहिल्या वर्षी जमलं नाही तर पुढच्या वर्षी करतात. काही घरांत पाच वर्षांचं होईपर्यंत दरवर्षी, तर काही घरांत पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी करण्याची पद्धत आहे. मुलगा-मुलगी असा फरक यात नाही.

भंडाऱ्याच्या टोपलीत काय असतं?

भंडारा हा वैनगंगेच्या काठचा, धानाचा आणि तलावांचा जिल्हा. दिवाळीनंतर धान कापून होतो, गावोगावी मंडई भरते, झाडीपट्टीतली नाटकं रंगतात आणि बांध्यांमध्ये लाखोळी, हरभरा, जवस उभे राहतात. संक्रांत येते तोवर हरभऱ्याला घाटे धरलेले असतात आणि धुऱ्यावरच्या बोरी पिकून लाल झालेल्या असतात.

म्हणजे बोरन्हाणाचं बरंचसं सामान दुकानातून आणावं लागत नाही. मुरमुरे तर भाताचेच, आणि तांदूळ हे इथलं मुख्य पीक. बोरं, घाटे रानातून आणि शेतातून येतात. ऊस, तीळ आणि गूळ बाजारातून. भंडारा शहराची जुनी ओळख पितळी भांड्यांची आहे. त्यामुळे अनेक घरांत आजीच्या काळातली पितळी परात माळ्यावर असतेच. हे सगळं सामान एकत्र करायला ती उत्तम.

शहरांत आणि परदेशात मात्र टोपली बदलली. बोरं मिळाली नाहीत तर चॉकलेट, गोळ्या, बिस्किटं आली. आता तर गावातल्या बोरन्हाणातही बोरांपेक्षा गोळ्या जास्त दिसतात. हा बदल केवळ चवीचा नाही. छोट्या, गोल, कडक वस्तूंची संख्या त्याने वाढली.

काळे कपडे आणि हलव्याचे दागिने कशासाठी?

एरवी शुभकार्याला टाळला जाणारा काळा रंग संक्रांतीला आवर्जून घालतात. काळा रंग ऊन शोषतो आणि ऊब देतो, हे त्याचं साधं कारण सांगितलं जातं. पूर्व विदर्भातली थंडी पाहता ते पटण्यासारखं आहे. शेजारच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं.

पांढरे दागिने हलव्याचे असतात. तीळ किंवा खसखस मंद आचेवर साखरेच्या पाकात पुन्हा पुन्हा घोळवली की तिच्यावर काटे येतात. तो हा हलवा. त्याचे दाणे दोऱ्यात ओवून किंवा चिकटवून हार, मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा करतात. फोटोत ते सुंदर दिसतात. पण सहा-आठ महिन्यांच्या बाळाचा प्रत्येक वस्तू तोंडात घालण्याचा काळ असतो, हे विसरू नये.

लूट कशी करतात?

पद्धत अगदी सोपी आहे.

१. अंगणात किंवा खोलीत चटई आणि त्यावर स्वच्छ चादर घालतात. मध्ये पाट ठेवतात.
२. बाळाला काळे कपडे आणि दागिने घालून पाटावर, किंवा लहान असेल तर आईच्या, मावशीच्या मांडीवर बसवतात.
३. कुंकू लावून औक्षण करतात.
४. वाटीने किंवा मुठीने बोरं-मुरमुरे हळूहळू बाळाच्या डोक्यावरून ओततात. घरातल्या आणि शेजारच्या बायका आळीपाळीने ओततात.
५. शेजारपाजारची मुलं खाऊ लुटतात.
६. शेवटी सगळ्यांना तिळगूळ देतात. अनेक ठिकाणी त्याच वेळी हळदीकुंकू आणि वाणही उरकतात.

खरा धोका कुठे आहे?

वरची यादी पुन्हा वाचून पाहा. बोराची बी, शेंगदाणा, हरभरा, रेवडी, हलवा, गोळी. लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंची यादी करायला सांगितली, तर ती बरीचशी अशीच निघेल. आणि हा खाऊ बाळाच्या अगदी हाताशी, मांडीवर, कपड्यांच्या घड्यांत पडलेला असतो.

लहान मुलाची श्वासनलिका साधारण त्याच्या करंगळीएवढीच रुंद असते. दाढा दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान येतात आणि कडक पदार्थ नीट चावून खायला त्यानंतरही वेळ लागतो. हसताना, रडताना किंवा दचकून श्वास आत घेताना तोंडातला दाणा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतो. बोरन्हाणाच्या गर्दीत बाळ नेमकं हेच करत असतं. कधी हसतं, कधी रडतं, कधी दचकतं. म्हणूनच चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळ्या देऊ नयेत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

शेंगदाणा विशेष त्रासदायक ठरतो. त्यातल्या तेलामुळे श्वासनलिकेला सूज येते. शिवाय शेंगदाणा किंवा हरभरा साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. तो दुर्बिणीने काढावा लागतो आणि लहान मुलांसाठी ही सोय मोठ्या रुग्णालयांतच असते. लाखांदूर किंवा पवनीकडच्या एखाद्या गावातून नागपूर गाठायला किती वेळ लागतो, हे तिथल्या आईबापांना सांगायला नको.

मग बोरन्हाण करूच नये का?

जरूर करावं. फक्त टोपली बाळाच्या वयाप्रमाणे भरावी.

एक वर्षाखालचं बाळ: डोक्यावरून फुलांच्या पाकळ्या आणि थोडे मुरमुरे ओतावेत. बोरं, घाटे, करवे ताटात सजवून समोर, पण हात पोहोचणार नाही असे ठेवावेत. बाळ कोणाच्या तरी मांडीवरच असावं. मध चाटवू नये. एक वर्षाखाली मधातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

एक ते तीन वर्षं: मुरमुरे, पाकळ्या आणि मोठ्या आकाराची बोरं चालतील. उमराण जातीचं बोर एवढं मोठं असतं की ते सहज तोंडात मावत नाही. तरी ते खायला द्यायचं तर बी काढून, बारीक फोडी करून द्यावं. शेंगदाणे, रेवड्या, गोळ्या ओतू नयेत.

चार-पाच वर्षं: मूल स्वतः लुटायला उतरेल. खाऊ एका जागी बसून, चावून खायचा आणि पळताना तोंडात काही ठेवायचं नाही, हा नियम खेळ सुरू होण्याआधीच सांगावा.

शेंगा, करवे, रेवड्या आणि गोळ्यांचं काय? त्या मोठ्या मुलांसाठी पुड्या बांधून वेगळ्या द्याव्यात. लुटीची मजा कमी होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं काम एका माणसाला नेमून द्यावं. फोटो काढणं नाही, पाहुण्यांना चहा देणं नाही, फक्त बाळाच्या तोंडाकडे आणि हातांकडे पाहणं. कार्यक्रम संपला की चादरीची चारही टोकं धरून ती लगेच उचलावी आणि पाटाखाली, गादीखाली, झबल्याच्या घड्यांत काही राहिलं नाही ना ते पाहावं. रांगणारं बाळ दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातला दाणा बरोबर शोधून काढतं. दागिने फोटो झाल्यावर लगेच उतरवावेत.

घशात काही अडकलं तर?

मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या. श्वास चालू आहे. अशा वेळी उलटं टांगू नका, पाणी पाजू नका. वस्तू स्पष्ट दिसत नसेल तर तोंडात बोट घालू नका, ती आणखी आत जाते.

आवाज निघत नसेल, खोकता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील तर एकाने १०८ वर फोन करावा आणि दुसऱ्याने ताबडतोब पुढील उपाय सुरू करावा.

एक वर्षाखालील बाळाला हाताच्या आधाराने पालथं धरा, डोकं छातीपेक्षा खाली ठेवा. तळहाताच्या मागच्या भागाने दोन्ही खांद्यांच्या मधोमध ५ थापा मारा. वस्तू निघाली नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ वेळा दाबा. पोट दाबू नका.

एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून पाठीवर ५ थापा मारा. उपयोग झाला नाही तर मागून मिठी मारून, बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून ५ वेळा आत आणि वर झटका द्या.

वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहा. मूल बेशुद्ध झालं तर त्याला सपाट जागी झोपवून सीपीआर सुरू करावा लागतो. घरातल्या एकाने तरी हे प्रशिक्षण घेतलेलं असावं.

एक गोष्ट अनेकदा सुटते. ठसका लागून मूल शांत झालं, पण नंतर खोकला थांबत नाही किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. ही सर्दी समजून बसू नये. खाताना ठसका लागला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

थंडी, शेकोटी आणि मांजा

बोरन्हाण सहसा संध्याकाळी करतात, पण जानेवारीत सूर्य कलला की भंडाऱ्यात गारठा लगेच वाढतो. अंगणात करायचं तर दुपारचं ऊन असतानाच उरकलेलं बरं. रांगत्या-चालत्या मुलाला शेकोटीपासून दूर ठेवावं.

संक्रांतीला विदर्भात पतंगांचा जोर असतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो अजून सापडतो. या दिवसांत मुलाला स्कूटरच्या पुढे उभं करून नेऊ नये.

ओवाळायचं कोणी?

बोरन्हाणाला जोडून हळदीकुंकू असलं की अनेक घरांत विधवा आजी किंवा काकू मागे, स्वयंपाकघरातच राहतात. बाळाला रात्र-रात्र सांभाळणारी बहुधा तीच असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. बोरन्हाणाला तर कोणतं शास्त्रही आड येत नाही. पहिली वाटी आजीने ओतली, तर ती कोणाच्याही वाटीइतकीच शुभ.

आणि रील?

फोटो काढावेत, पण बाळाच्या वेळेने. पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना दहा-पंधरा मिनिटांत कार्यक्रम आटोपतो. चांगला शॉट मिळावा म्हणून रडत्या बाळावर तिसऱ्यांदा बोरं ओतण्यात त्याला काही गंमत वाटत नाही. बाळ दमलं की त्याला उचलून घ्यावं आणि उरलेली परात अंगणातल्या पोरांच्या हवाली करावी. लूट तशीही त्यांचीच असते.